पहिलं ॲडव्हेंचर, पहिला नकाशा: नव्या डीएमचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टेबलावर अधूनमधून कुणीतरी नवं येऊन बसतं. चार-पाच बैठका झाल्या की त्यातलाच एखादा म्हणतो, "आता मी चालवून बघतो." म्हणजे आता डीएम (डन्जन मास्टर) होऊन गोष्ट तो सांगणार आणि बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन खेळणार. मग त्याचे फोन सुरू होतात. खालचे प्रश्न त्या फोनवरचेच आहेत, साधारण ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं. बहुतेक उदाहरणं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या खेळाची आहेत, कारण बहुतेक जण या छंदात तिथूनच शिरतात. आधीच सांगून ठेवतो: 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' या तयार ॲडव्हेंचरमधल्या पहिल्या लढाईबद्दल आणि पहिल्या गुहेबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. ते तुम्ही खेळाडू म्हणून खेळणार असाल तर तेवढे प्रश्न गाळून पुढे जा.

नियमांचं पुस्तक घेतलंय. मग ॲडव्हेंचर वेगळं कशाला?

नियमांच्या पुस्तकात तलवार किती लागते ते कळतं, ती कुणावर आणि का उपसायची ते कळत नाही. ॲडव्हेंचर म्हणजे तयार प्रसंग: कुठली जागा, तिथं कोण राहतं, त्याला काय हवंय, आणि पार्टीनं, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीनं, हात घातला नाही तर पुढे काय होईल. त्यासोबत त्या जागेचा नकाशा आणि नकाशावरच्या आकड्यांप्रमाणे खोल्यांची वर्णनं. डीएमनं ते वाचायचं, खेळाडूंनी वाचायचं नाही. एवढंच.

स्वतःची गोष्ट लिहून सुरुवात केली तर?

करा, पण दुसऱ्या वेळी. पहिल्या खेपेला फासे, नियम, पाच जणांची बडबड आणि स्वतःची धडधड एवढं सांभाळायचं असतं. त्यात तीन हजार वर्षांचा इतिहास असलेलं राज्यही तुमचंच असेल, तर रात्री अकरा वाजता तुम्ही राजाच्या पणजोबांबद्दल बोलत असाल आणि खेळाडू मोबाइलमध्ये असतील. मी हे केलेलं आहे.

बरं, मग पहिलं कुठलं घ्यावं?

आधी थोडी मागची गोष्ट. हा खेळ 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. नवा माणूस सुरुवात कुठून करणार, हा प्रश्न लगेचच पुढे आला आणि सुरुवातीच्या संचाबरोबर तयार ॲडव्हेंचर देण्याची पद्धत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पडली. माइक कार यांच्या 'इन सर्च ऑफ द अननोन'मध्ये खोल्या आखून दिल्या होत्या, पण त्यात राक्षस आणि खजिना ठेवायचं काम डीएमचं होतं. यादीतून उचला आणि भरा, म्हणजे जवळजवळ गृहपाठच. पाठोपाठ 1979 मध्ये गायगॅक्स यांचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' आलं. एका टोकाला सुरक्षित गढी, दुसऱ्या टोकाला 'ए'पासून 'के'पर्यंत अकरा गुहांची तोंडं असलेली घळ. कुठल्या गुहेत शिरायचं ते खेळाडूंनी ठरवायचं. आजही बहुतेक सुरुवातीची ॲडव्हेंचर याच साच्यातली असतात: एक गाव, एक धोकादायक जागा आणि मधली वाट.

आता आजचं बघू. माझं मत अजूनही 2014 च्या स्टार्टर सेटमधल्या 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर'च्या बाजूनं आहे. डबा आता सहज मिळत नाही. मिळाला तर सोडू नका. 64 पानांचं ॲडव्हेंचर, 32 पानांचे नियम, पाच तयार पात्रं आणि सहा फासे. पात्रांना पहिल्या पातळीपासून (पातळी म्हणजे पात्राची ताकद) पाचव्यापर्यंत नेतं, म्हणजे दर आठवड्याला बसलात तरी काही महिने पुरतं. 2019 च्या इसेन्शियल्स किटमध्ये 'ड्रॅगन ऑफ आइसस्पायर पीक' आहे. त्यात सुटी सुटी छोटी कामं आहेत आणि एकच खेळाडू असला तर सोबत्याचे नियमही. ज्यांच्याकडे दर वेळी वेगळेच दोघं उगवतात, त्यांनी हे घ्यावं. 2022 चं 'ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आयल' सगळ्यात आटोपशीर आहे: एक बेट आणि त्यावरच्या मोजक्या जागा. 2025 मध्ये त्या जुन्या गढीचाच नवा अवतार 'हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स' नावानं आला.

दुसरा खेळ हवा असेल तर पाथफाइंडरचा 2020 चा बिगिनर बॉक्स शिकवण्याच्या बाबतीत फार व्यवस्थित आहे. आधी एकट्यानं खेळायची छोटी गोष्ट, मग एका मासळीच्या गोदामाखालचं तळघर, आणि दर खोलीत एखाद-दुसरा नवा नियम. नियमांची भीती वाटणाऱ्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

तलवारबाजी नको, भुताटकी चालेल. काही आहे?

'कॉल ऑफ क्थुलू' या भयकथांच्या खेळातलं 'द हाँटिंग'. काळ 1920, शहर बॉस्टन. घरमालक म्हणतो, घरात काहीतरी विचित्र आहे, बघून या. घराकडे जाण्याआधी वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं, दप्तरं, शेजारीपाजारी अशी चौकशी करायची. हे 1981 पासून चालत आलंय आणि क्विक-स्टार्टच्या, म्हणजे झटपट सुरुवातीच्या नियमांच्या, पीडीएफमध्ये फुकट मिळतं. इथं चौकटी आखलेला नकाशा लागत नाही, फक्त मजल्यांचा आराखडा लागतो. वाड्यात लहानपण गेलेल्या खेळाडूंना तळघराचा जिना लगेच कळतो, वेगळं वर्णन करावं लागत नाही.

सगळं फुकटात जमेल का?

जमेल. डी अँड डीचे मूळ नियम पीडीएफमध्ये मोफत आहेत आणि नियमांचा मोठा भाग जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. ॲडव्हेंचरमध्ये स्कर्पल्स या टोपणनावानं लिहिणाऱ्या डीएमचं 'टूम ऑफ द सर्पंट किंग्ज' शोधा. ते शिकवण्यासाठीच लिहिलंय: ही खोली खेळाडूंना काय शिकवते ते लेखक डीएमच्या कानात सांगत जातो. जुन्या पद्धतीचे हलके नियम गृहीत धरलेत, पण डी अँड डीत बसवायला फार कष्ट नाहीत. नकाशांसाठी डायसन लोगोस यांचे काळ्या शाईतले, भिंतींना बारीक आडव्या-तिरक्या रेघा मारलेले नकाशे बघा. शेकडो आहेत, छापल्यावर शाईही कमी पितात. वाताबू यांच्या संकेतस्थळावर बटण दाबलं की एका पानाचं भुयार किंवा अख्खं गाव तयार होऊन येतं.

खर्च एकाच गोष्टीवर करा, फाशांवर. ॲप चालतं, पण वीस बाजूंचा फासा घरंगळत ताटाखाली गेला आणि सगळे वाकून बघताहेत, ही मजा ॲपमध्ये नाही.

पहिल्याच लढाईत सगळे आडवे झाले. माझं काय चुकलं?

बहुधा काही नाही. 'लॉस्ट माइन'ची सुरुवात अशी: पार्टी नेव्हरविंटरहून फॅन्डालिनला सामानाची गाडी नेतेय, वाटेत दोन घोडे मरून पडलेत, झाडीत चार गॉब्लिन (खुजे, दुष्ट प्राणी) दबा धरून बसलेत. आता हिशेब करा. गॉब्लिनचा बाण लागला की डी-6 (सहा बाजूंचा फासा) अधिक 2, म्हणजे सरासरी साडेपाच. पहिल्या पातळीच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, सात-आठ. दोन बाण लागले, जादूगार खाली. गॉब्लिन लपण्यात पटाईत, त्यामुळे पहिला वार बहुतेक वेळा त्यांचाच. पुढे गुहेत क्लार्ग नावाचा बगबेअर (गॉब्लिनांचा धिप्पाड भाऊबंद) आहे. त्याचा सोटा दोन डी-8 अधिक 2, सरासरी अकरा. त्याला दुसरा घाव घालावाच लागत नाही.

आमच्याकडे पहिल्यांदा चालवलं तेव्हा तिसऱ्या फेरीत पाचपैकी चार जमिनीवर होते आणि मी पुस्तक चाळत होतो. उत्तर त्याच पानावर होतं. हरलात तर गॉब्लिन मारून टाकत नाहीत. बेशुद्ध सोडून, सामान लुटून निघून जातात. पार्टी शुद्धीवर येते, गावात जाऊन सामान घेते, परत येऊन माग काढते. गोष्ट थांबत नाही, उलट आता खेळाडूंना गॉब्लिनांचा राग असतो.

तरी आधीच थोडं सैल करायचं असेल तर पहिल्या फेरीत दोघांनाच बाण मारू द्या, बाकी दोघं पळत पळत येऊ देत. सगळ्यांनी एकाच माणसावर नेम धरायचा नाही. फाशांचे आकडे मात्र लपवून बदलू नका. खेळाडूंना कळतं, आणि एकदा कळलं की पुढच्या कुठल्याच लढाईची भीती वाटत नाही.

नकाशा लागतोच का?

लागत नाही. तीन गॉब्लिन आणि एक पूल एवढंच असेल तर तोंडी सांगितलेलं पुरतं. पण "मी कुठे उभा आहे?" हा प्रश्न एका लढाईत तिसऱ्यांदा आला की कागद काढा.

इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक डीएमचा नकाशा: सगळी जागा, आकडे, चोरवाटा, सापळे. दुसरा टेबलावरचा: सोंगट्या ठेवायला, फक्त चालू लढाईपुरता. पहिला जवळपास नेहमी लागतो. दुसरा चार लढायांमागे एकदा लागतो. नवे डीएम नेमका उलटा खर्च करतात.

चांगला नकाशा ओळखायचा कसा? मला तर सगळेच सुंदर दिसतात.

सुंदर दिसणं बाजूला ठेवा. बोट ठेवून दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत जा. एकच वाट सापडली तर तो नकाशा नाही, लोकल आहे: प्रत्येक स्टेशन घेत शेवटपर्यंत.

आता 'लॉस्ट माइन'मधली क्रॅगमॉची गुहा बघा. आठच जागा आहेत. गुहेच्या तोंडातून ओढा बाहेर येतो. आत शिरल्याबरोबर बाजूला लांडग्यांची खोली, लांडगे साखळीला बांधलेले. सरळ ओढ्याच्या कडेनं गेलात तर डोक्यावर पूल लागतो आणि पुलावर पहारेकरी. त्यानं बघितलं तर आतले गॉब्लिन साठवलेलं पाणी सोडतात आणि लोंढा तुम्हाला बाहेर फेकतो. मध्येच फुटणारी चढाची वाट गॉब्लिनांच्या मुक्कामाकडे जाते. तिथं कैदी आहे, आणि यीमिक नावाचा गॉब्लिन आहे, ज्याला आपला सरदार क्लार्ग मेलेला हवाय. तो चक्क सौदा करायला बघतो. आणि लांडग्यांच्या खोलीत मागच्या भिंतीत एक भेग आहे. तिच्यातून चढून गेलं की थेट क्लार्गच्या गुहेत.

म्हणजे आठ जागांमध्ये लढाई आहे, लपणं आहे, वाटाघाटी आहेत, आणि लांडग्यांना खायला टाकून वर चढणारी मधली वाटही आहे. मी ही गुहा तीन वेगळ्या गटांसाठी चालवली. एक गट पाण्यात वाहून गेला, एकानं यीमिकशी सौदा केला आणि नंतर त्यालाच फसवलं, तिसरा भेगेतून वर जाऊन क्लार्गच्या शेकोटीशेजारी उगवला. नकाशा तोच होता.

अशा फिरून जुळणाऱ्या वाटा, एकाहून जास्त दारं आणि मजल्यांमधले आडवळणाचे जिने यासाठी जेनेल जॅक्वेज यांचं नाव घेतलं जातं. त्यांचं 1979 चं 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' नवख्यांनी चालवायचं नाही, पण त्याचे नकाशे जरूर बघावेत.

मला स्वतः काढायचाय. सुरुवात कुठून करू?

राजगडापासून. थट्टा नाही. गडाचा आराखडा समोर घ्या: मधे बालेकिल्ला, भोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या. वर यायला पाली दरवाजा आहे, गुंजवणे दरवाजा आहे, संजीवनीकडे अळू दरवाजा आहे, आणि पद्मावती माचीला चोरदरवाजा. संजीवनीची दुहेरी चिलखती तटबंदी म्हणजे भिंतीच्या आत दुसरी भिंत आणि मधे चालायची जागा. लढाईसाठी याहून चांगला नकाशा काय काढणार? नावं बदला, पाण्याच्या टाक्यात काहीतरी ठेवा, झालं. गोमुखी दरवाजा एकदा टेबलावर काढून बघा. वळण घेऊन दारापाशी पोचेपर्यंत दोन्ही बाजूंच्या तटांवरून मारा होतो, हे खेळाडूंना समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्यांदा काढताना पाच जागा पुरेत. कागद म्हणून लहान मुलांची गणिताची चौकटीची वही सगळ्यात बरी. आलेख कागदाच्या बारीक रेघांनी डोळे दुखतात. पेन्सिलनं काढा. दार म्हणजे भिंतीवर छोटा चौकोन, चोरदारासाठी परंपरेनं इंग्रजी 'एस', जिन्यासाठी आखूड होत जाणाऱ्या समांतर रेघा. उत्तर दिशा दाखवा. मी विसरलो होतो, आणि पाऊण तास पार्टी माझ्या उजवीकडे आणि त्यांच्या डावीकडे चालत होती.

एक घर म्हणजे किती?

लढाईच्या नकाशावर एक घर म्हणजे पाच फूट, आणि टेबलावर ते एक इंचाचं. माणसाची चाल तीस फूट, म्हणजे सहा घरं. आपल्याकडे खोल्या अजून फुटांतच मोजतात, त्यामुळे "दहा बाय बाराची खोली" म्हटलं की लगेच डोळ्यांसमोर येते. तिरकं जाताना डी अँड डीच्या सोप्या पद्धतीत तेही पाच फूटच. पाथफाइंडरमध्ये पहिलं तिरकं पाच, दुसरं दहा, पुन्हा पाच. जुन्या नकाशांवर एक घर बऱ्याचदा दहा फुटांचं असतं. कोपऱ्यातलं माप वाचल्याशिवाय छापायला देऊ नका.

छापल्यावर घरं इंचाची येत नाहीत. प्रिंटर खराब आहे का?

प्रिंटर ठीक आहे, कागद वेगळा आहे. यातले बरेच पीडीएफ अमेरिकी लेटर आकाराचे असतात, साडेआठ इंच रुंद. आपला ए-4 त्याहून किंचित अरुंद, 21 सेंटिमीटर, म्हणजे सव्वाआठ इंचांच्या आसपास. छपाईच्या दुकानात 'फिट टू पेज' ठेवूनच छापतात आणि सगळं दोन-तीन टक्के आक्रसतं. एका पानावर कळत नाही. मी एकदा गुहेचं एक पान घरी छापलं आणि दुसरं दुकानातून आणलं. जोडायला गेलो तर ओढा मधेच तुटलेला. 'ॲक्चुअल साइझ' निवडा, आधी एकच पान काढा आणि पट्टी लावून बघा. ए-4 वर समास सोडून सात बाय दहा घरं निवांत बसतात.

मोठी जागा हवी असेल तर छापूच नका. स्टेशनरीच्या दुकानातला चार्टपेपर साधारण 22 बाय 28 इंचांचा असतो. एकदा इंचाची घरं आखा, वर जाड पारदर्शक प्लास्टिक पसरा आणि व्हाइटबोर्ड मार्करनं काढत-पुसत बसा. मार्कर पर्मनंट नाही ना, तेवढं बघून घ्या.

सोंगट्या महाग आहेत. दुसरं काय चालेल?

एक आणि पाच रुपयांची नाणी इंचाच्या घरात नीट मावतात. कॅरमच्या सोंगट्या मात्र घरापेक्षा मोठ्या, शेजाऱ्याच्या घरात घुसतात. बुद्धिबळातली प्यादी म्हणजे गॉब्लिन, हे तर ठरल्यासारखंच आहे. शर्टाची बटणं छान. ओगरसारखा मोठा प्राणी दोन बाय दोन घरं व्यापतो, त्याला बामच्या बाटलीचं झाकण ठेवा. राजमा-शेंगदाणे ठेवू नका. खाल्ले जातात, आणि मग शत्रू किती उरले यावर वाद होतो.

खेळाडूंना नकाशा किती दाखवायचा?

त्यांना दिसेल तेवढाच. त्याहून चांगली पद्धत म्हणजे तुम्ही फक्त सांगा आणि त्यांच्यातल्या एकाला काढू द्या. तो चुकेल. "वीस फुटांवर डावीकडे वळण" त्यानं उजवीकडे काढलं तर लगेच दुरुस्त करू नका. त्याच्या पात्राला समोर दिसत असलेली गोष्ट असेल तर सांगा. आठवणीतून काढत असेल तर चुकू द्या.

ऑनलाइन खेळायचंय. एक जण पुण्यात, एक न्यू जर्सीत.

आऊलबेअर रोडिओ हे संकेतस्थळ सुरुवातीला पुरतं: नकाशाचं चित्र चढवा, लिंक पाठवा, सोंगट्या सरकवा. रोल-20 मध्ये जास्त सोयी आहेत आणि शिकायलाही जास्त आहे. तिथलं एक घर मुळात 70 पिक्सेलचं असतं. म्हणजे 30 बाय 20 घरांचा नकाशा 2100 बाय 1400 पिक्सेलचा असला तर रेघा बरोबर बसतात. नाहीतर अर्धी संध्याकाळ चित्र ओढण्यात जाते.

मराठीतून चालवता येईल?

आम्ही तसंच चालवतो. चौकटीतला वाचून दाखवायचा मजकूर मात्र तिथल्या तिथं भाषांतर करत वाचू नका. आदल्या दिवशी तीन शब्दांचं टिपण करा: ओल, धूर, कुत्र्याचा वास. मग आपल्या भाषेत सांगा. गॉब्लिन, क्लेरिक (देवाच्या शक्तीनं जादू करणारं पात्र), इनिशिएटिव्ह (लढाईत कोण आधी ते ठरवणारा फासा) हे शब्द तसेच राहू द्या. 'पुढाकार फेका' कुणी म्हणत नाही. खरी गंमत तू-तुम्हीत आहे. कैदेतला सिल्डर सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतो, यीमिक एकदम 'ए, तू' वर येतो, आणि क्लार्ग स्वतःला मोठा राजा समजतो म्हणून आमच्याकडे तो स्वतःला 'आम्ही' म्हणतो. इंग्रजीत हा फरक दाखवायला आवाज बदलावा लागला असता.

किती जण, किती वेळ?

डीएम सोडून चार. तीन चालतात, सहा नकोत. तीन तास. जेवण आधी.

पार्टी नकाशाच्या बाहेरच गेली तर?

जाणार. गुहेकडे जाणारी पायवाट दाखवली की कुणीतरी "आधी गावात जाऊन चौकशी करू" म्हणणारच. वहीत पाच जागांचा एक जादा नकाशा तयार ठेवा, नाव न दिलेला. गरज पडेल तिथं ती गिरणी होते किंवा पडकं देऊळ. सोबत चार माणसांची नावं. माझ्या यादीतलं एक नाव दीड वर्ष वापरलं गेलं नव्हतं. शेवटी ते एका गाढवाला मिळालं, आणि आता त्या गाढवाशिवाय पार्टी गाव सोडत नाही.